पहिली शर्यत

प्रस्तावना

लहान मूल चालू लागले, की काही महिन्यांतच धावू लागते. त्यासाठी त्याला कोणी धडे देत नाही. मात्र शाळकरी वय सरले, की बहुतेकांचे धावणे थांबते. पुढे ते सुटणारी बस गाठण्यापुरते उरते. अशा माणसाने तिशीत, पन्नाशीत किंवा त्याही नंतर एखाद्या शर्यतीत उतरायचे ठरवले, तर त्याने तयारी कशी करावी? त्या तयारीत शरीरामध्ये कोणते बदल घडतात? घाई केल्यास कोणती हानी होते? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे. हा माहितीपर लेख असून त्यात शरीरशास्त्रातील माहितीबरोबरच काही व्यक्तींच्या पहिल्या शर्यतींची उदाहरणेही आली आहेत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• नवख्या धावपटूने सराव कसा सुरू करावा, ते सांगता येईल;
• दम, स्नायू आणि हाडे यांची वाढ वेगवेगळ्या गतीने का होते, ते स्पष्ट करता येईल;
• पाठातील उदाहरणांचा मुख्य विचाराशी असलेला संबंध उलगडता येईल;
• ‘दम’ या शब्दापासून तयार झालेले वाक्प्रचार योग्य अर्थाने वापरता येतील.

मूळ पाठ

१. सर्वांसाठी शर्यत

लांब पल्ल्याची शर्यत म्हणजे निवडक खेळाडूंचे काम, अशी आपल्याकडे पूर्वी सर्वसाधारण समजूत होती. २००४ साली मुंबईत मोठ्या प्रमाणावर मॅरेथॉन भरू लागली आणि नामांकित धावपटूंच्या मागोमाग कारकून, गृहिणी, विद्यार्थी आणि निवृत्त मंडळीही रस्त्यावर उतरली. २००५ पासून दिल्लीत अर्धमॅरेथॉन, २००८ पासून बेंगळुरूत १० किलोमीटरची आणि २०१४ पासून कोलकात्यात २५ किलोमीटरची शर्यत सुरू झाली. साताऱ्यासारख्या शहरातही २०१२ पासून डोंगरवाटेची अर्धमॅरेथॉन होऊ लागली.

पूर्ण मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर असते. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हे अंतर धावले गेले आणि १९२१ साली ते अधिकृत ठरले. अर्धमॅरेथॉन सुमारे २१.१ किलोमीटरची असते. नवख्याने मात्र पाच किंवा दहा किलोमीटरची शर्यत निवडणे इष्ट होय. मोठ्या शर्यतींत धावपटूला दिलेल्या क्रमांकपट्टीवर किंवा बुटावर एक छोटी इलेक्ट्रॉनिक चिप असते. धावपटू स्वतः प्रारंभरेषा ओलांडतो, त्या क्षणापासून तिच्यामुळे त्याची वेळ मोजता येते. त्यामुळे गर्दीत सर्वांत मागे उभ्या राहिलेल्या माणसाच्याही वेळेची अचूक नोंद होते. पुढे घुसण्याची त्याला काहीच गरज नसते.

२. दमाने घेणे

नवखा मनुष्य पहिल्या दिवशी घराबाहेर पडतो आणि लहानपणी धावत असे तसाच धावू लागतो. दोन-तीन मिनिटांत धाप लागते, छाती भरून येते, पाय जड होतात. ‘धावणे आपल्याला जमणारे नाही,’ असा निष्कर्ष काढून तो घरी परततो. वास्तविक दोष त्याच्या क्षमतेचा नसतो, वेगाचा असतो.

सावकाश धावताना स्नायूंना लागणारी ऊर्जा मुख्यतः प्राणवायूच्या साहाय्याने तयार होते आणि हे काम दीर्घकाळ चालू शकते. वेग एका मर्यादेपलीकडे गेला, की पुरेसा प्राणवायू स्नायूंपर्यंत पोहोचत नाही. मग शरीर ऊर्जानिर्मितीच्या दुसऱ्या, झटपट मार्गाचा अधिकाधिक आधार घेते. तो मार्ग फार वेळ पुरत नाही आणि माणूस थांबतो. ही मर्यादा ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. धावता धावता शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येत असेल, तर वेग योग्य आहे. एकेका शब्दानंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर वेग कमी करावा.

या कसोटीला उतरण्यासाठी सुरुवातीला पुष्कळांना मधूनमधून चालावेच लागते. त्यात कमीपणा काही नाही. एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असा क्रम वीस ते तीस मिनिटे ठेवावा. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, हा सराव करावा. दर आठवड्याला धावण्याचा काळ थोडा वाढवावा व चालण्याचा थोडा घटवावा. अशा रीतीने आठ-दहा आठवड्यांत अनेक जण न थांबता अर्धा तास धावू शकतात. कोणाला याहून अधिक आठवडे लागले, तरी बिघडत नाही. ज्यांना रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार आहे, तसेच ज्यांनी कित्येक वर्षांत व्यायाम केलेला नाही, त्यांनी आरंभापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. धावताना छातीत दुखू लागले किंवा भोवळ आली, तर ताबडतोब थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

मराठीत ‘दम’ हा एकच शब्द श्वासासाठीही वापरला जातो आणि धीरासाठीही. धावण्याच्या सरावात हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. ज्याला दम वाढवायचा आहे, त्याला आधी दमाने घ्यावे लागते.

३. दम आधी, हाडे नंतर

नियमित सरावाने शरीरात अनेक बदल घडू लागतात. हृदयाच्या एकेका ठोक्यागणिक अधिक रक्त बाहेर फेकले जाते. स्नायूंमधील सूक्ष्म केशवाहिन्यांचे जाळे दाट होते. पेशींतील ज्या तंतुकणिका प्राणवायूच्या साहाय्याने ऊर्जा तयार करतात, त्यांची संख्या व क्षमता वाढते. या बदलांचा परिणाम काही आठवड्यांतच जाणवतो. जो चढ पहिल्या दिवशी डोंगरासारखा वाटला होता, तो महिन्याभराने सहज पार होतो.

नवख्याला खरा धोका याच वेळी असतो. हृदय आणि स्नायू लवकर तयार होतात; परंतु स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा आणि खुद्द हाडे इतक्या लवकर बळकट होत नाहीत. कंडरांना रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून त्यांच्यातील बदल मंद गतीने होतात. हाडांची गोष्ट आणखी निराळी आहे. वाढता भार पडू लागला, की शरीर हाडाचा जुना भाग थोडा थोडा काढून टाकते आणि त्या जागी नवा, अधिक मजबूत भाग घडवते. घराची जुनी भिंत उतरवून नवी बांधावी, तसे हे काम चालते. जुने निघाले आहे आणि नवे पुरते भरलेले नाही, अशा मधल्या काळात ते हाड काहीसे नाजूक असते.

धावताना प्रत्येक पावलागणिक पायावर शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीएवढा भार येतो आणि एका किलोमीटरमध्ये अशी सुमारे हजार किंवा अधिक पावले पडतात. दम वाढल्यामुळे उत्साह आलेला माणूस रोज धावू लागतो, अंतर एकदम दुप्पट करतो. त्याचा श्वास तक्रार करत नाही. तक्रार करते ती नडगी, टाच किंवा गुडघा. नडगीच्या हाडाला बारीक चीर पडली, तर कित्येक आठवडे धावणे बंद ठेवावे लागते आणि तोपर्यंत केलेल्या तयारीचा मोठा भाग वाया जातो.

म्हणून दुखण्याचे दोन प्रकार ओळखता आले पाहिजेत. सरावाच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही मांड्या किंवा पोटऱ्या सारख्याच अवघडतात आणि एक-दोन दिवसांत मोकळ्या होतात. हे दुखणे स्वाभाविक आहे. मात्र एकाच पायात, बोट ठेवून दाखवता येईल अशा ठिकाणी दुखत असेल आणि धावताना ते वाढत जात असेल, तर ती सूचना समजून विश्रांती घ्यावी. कंडरा आणि हाडे यांची दुरुस्ती विश्रांतीच्या काळातच होत असते. त्यामुळे विश्रांतीचा दिवस हा सरावाचाच दिवस मानावा.

४. एकोणनव्वदाव्या वर्षी पहिली मॅरेथॉन

संयमाने केलेली सुरुवात माणसाला किती दूर नेऊ शकते, याचे उदाहरण म्हणजे फौजा सिंग. पंजाबमधील जालंधरजवळच्या ब्यास पिंड या गावी एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्यांच्या पारपत्रावर १ एप्रिल १९११ ही जन्मतारीख होती. लहानपणी त्यांचे पाय इतके अशक्त होते, की पाच वर्षांचे होईपर्यंत त्यांना चालता आले नाही. पुढे त्यांनी आयुष्यभर शेती केली. पत्नीचे निधन आणि त्यानंतर डोळ्यांदेखत झालेला मुलाचा अपघाती मृत्यू यांमुळे १९९० च्या दशकात ते खचून गेले. इंग्लंडमध्ये मुलाकडे राहावयास गेल्यावर त्या दुःखातून बाहेर पडण्यासाठी ते धावू लागले.

लंडनमध्ये हरमंदर सिंग हे त्यांचे प्रशिक्षक झाले. सरावाच्या पहिल्या दिवशी फौजा सिंग सूट घालून आले होते, असे सांगितले जाते. मॅरेथॉनचे अंतर सव्वीस किलोमीटर आहे, असा त्यांचा समज होता. ते सव्वीस मैलांहून अधिक, म्हणजे बेचाळीस किलोमीटर असल्याचे कळल्यावर त्यांनी माघार घेतली नाही. सराव अधिक गांभीर्याने सुरू केला. २००० साली, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, त्यांनी लंडन मॅरेथॉन ६ तास ५४ मिनिटांत पूर्ण केली. ही त्यांची पहिली मॅरेथॉन होती. २००३ साली टोरांटो येथे त्यांना तेच अंतर पार करण्यास सुमारे ५ तास ४० मिनिटे लागली. वय वाढले आणि वेळ मात्र तासाभराहून अधिक घटली.

२०११ मध्ये शंभराव्या वर्षी त्यांनी टोरांटोची मॅरेथॉन आठ तासांहून थोड्या अधिक वेळात पूर्ण केली. त्यांच्या जन्माच्या काळात खेड्यापाड्यांत जन्मदाखले मिळत नसत. तसा दाखला नसल्यामुळे गिनीज विक्रमग्रंथात या कामगिरीची नोंद झाली नाही. या नोंदीवाचून त्यांचे धावणे अडले नाही.

५. लोकांची नजर

नवख्याच्या वाटेतील एक अडथळा शरीराबाहेरचा असतो. तो म्हणजे लोकांची नजर. ‘या वयात हे काय?’, ‘बाईमाणसाने रस्त्यावर धावायचे?’ अशा शेऱ्यांच्या धास्तीने कित्येक जण पहाटेच्या अंधारातच सराव उरकतात. स्त्रियांच्या वाट्याला ही अडचण अधिक आली. १९६७ साली अमेरिकेतील बॉस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्वित्झर ही वीस वर्षांची विद्यार्थिनी धावत असताना एका अधिकाऱ्याने तिला मार्गावरून बाहेर काढण्याचा प्रयत्न केला. तिने शर्यत पूर्ण केली. त्या शर्यतीत स्त्रियांना अधिकृत प्रवेश १९७२ मध्ये मिळाला आणि ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ साली प्रथमच झाली.

महाराष्ट्रात बारामती येथे २०१३ साली लता भगवान करे या साठी ओलांडलेल्या शेतमजूर महिलेने ज्येष्ठांच्या शर्यतीत भाग घेतला. पतीच्या आजारपणासाठी त्यांना बक्षिसाच्या पैशांची गरज होती. नऊवारी लुगडे नेसून, अनवाणी पायांनी त्या तीन किलोमीटर धावल्या आणि पहिल्या आल्या. त्यांच्या जीवनावर पुढे मराठी चित्रपटही निघाला. कष्टांनी घडलेले शरीर आणि निकराची गरज यांच्या बळावर त्यांनी हे यश मिळवले. त्यांचे धैर्य सर्वांनी घ्यावे. तयारीवाचून धावणे मात्र कोणी आदर्श मानू नये.

६. शर्यतीचा दिवस

शर्यतीपूर्वीच्या शेवटच्या आठवड्यात सराव कमी करावा. राहिलेली तयारी त्या सात दिवसांत भरून निघत नाही. उलट पाय मात्र थकतात. शर्यतीच्या दिवशी नवीन काहीही करू नये. बूट पायात रुळलेले असावेत. नेहमी पचणारे हलके खाणे पुरेसा वेळ आधी घ्यावे. पाणी तहानेनुसार प्यावे. उष्ण व दमट हवेत पाणी कमी पडणे जसे घातक, तसेच तहान नसताना भरमसाट पाणी पिणेही घातक असते. कारण त्यामुळे रक्तातील क्षारांचे प्रमाण घटते.

प्रारंभाची खूण होताच भोवतालचे सगळे जण सुसाट निघतात. वाद्ये वाजत असतात, लोक टाळ्या देत असतात. इतक्या आठवड्यांच्या शिकवणुकीची परीक्षा या पहिल्या किलोमीटरमध्ये होते. या परीक्षेत जगज्जेतेही चुकतात. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक पाच हजार व दहा हजार मीटरची सुवर्णपदके मिळवून आयुष्यातील पहिली मॅरेथॉन धावण्यास उभा राहिला. त्या काळातील मॅरेथॉनची सर्वोत्तम वेळ इंग्लंडच्या जिम पीटर्सच्या नावावर होती. पीटर्सने आरंभीच जबरदस्त वेग धरला आणि त्याला ती शर्यत पूर्ण करता आली नाही. अंतराचा अनुभव नसलेल्या झाटोपेकने ती जिंकली.

सामान्य नवख्याने पहिला किलोमीटर सरावातल्यापेक्षाही थोडा सावकाश धावावा. अनेक जण पुढे जातील. त्यांना जाऊ द्यावे. शर्यतीच्या उत्तरार्धात त्यांपैकी काही जण चालताना दिसतात. दम लागला तर चालावे आणि श्वास स्थिरावला, की पुन्हा धावावे. अंतिम रेषा ओलांडल्यावर एकदम खाली बसू नये. काही मिनिटे चालत राहावे.

निकालपत्रकात प्रत्येकाच्या नावापुढे क्रमांक आणि वेळ असते. पहिल्या शर्यतीत आपल्या क्रमांकाला फारसा अर्थ नसतो. तो इतर किती जण आले होते यावर ठरतो. वेळ मात्र स्वतःची असते. पुढच्या वर्षी तिच्याशीच तुलना करावयाची असते. फौजा सिंग यांनी आपली अखेरची स्पर्धात्मक शर्यत फेब्रुवारी २०१३ मध्ये हाँगकाँग येथे धावली. दहा किलोमीटरसाठी त्यांना दीड तासाहून थोडा अधिक वेळ लागला. त्यानंतर ते रोज चालत राहिले. १४ जुलै २०२५ रोजी आपल्या गावाजवळ रस्त्यावरून पायी जात असताना वाहनाच्या धडकेने त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ११४ वर्षांचे होते.

शब्दार्थ

कंडरा – स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरीसारखी पेशीरचना
केशवाहिन्या – केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या
तंतुकणिका – पेशीतील ऊर्जा तयार करणारे सूक्ष्म घटक
नडगी – गुडघा व घोटा यांमधील पायाचे पुढचे हाड
पारपत्र – परदेशप्रवासासाठीचे शासकीय ओळखपत्र, पासपोर्ट
निकराची – अगदी टोकाची, अटीतटीची

पाठगत प्रश्न

(अ) योग्य शब्द भरून वाक्ये पूर्ण करा.
१. धावताना पूर्ण ............... बोलता येत असेल, तर वेग योग्य आहे.
२. हृदय व स्नायूंच्या तुलनेत ............... आणि हाडे सावकाश बळकट होतात.
३. १९५२ साली झाटोपेकने आपली पहिली ............... जिंकली.

(आ) चूक की बरोबर ते लिहा.
१. विश्रांतीच्या दिवशी शरीरात कोणताही बदल घडत नाही.
२. तहान नसतानाही भरपूर पाणी पिणे हितकारक असते.
३. चिपमुळे मागे उभ्या असलेल्या धावपटूच्याही वेळेची अचूक नोंद होते.

भाषा अभ्यास

‘दम’ या शब्दापासून मराठीत अनेक वाक्प्रचार तयार झाले आहेत. दम लागणे म्हणजे धाप लागणे. दम धरणे म्हणजे धीर धरणे. दम देणे म्हणजे धाक दाखवणे. दमाने घेणे म्हणजे घाई न करता काम करणे. ‘त्याच्या बोलण्यात दम आहे’ या वाक्यात दम म्हणजे तथ्य किंवा जोर. मागचेपुढचे शब्द बदलले, की एकाच शब्दाचा अर्थ कसा बदलतो, हे यावरून लक्षात येते. वरील प्रत्येक वाक्प्रचार वापरून एकेक वाक्य तयार करा.

आपण काय शिकलात?

• नवख्याने वेगाआधी सातत्याकडे लक्ष द्यावे. धावणे व चालणे यांचा मेळ घालून सराव वाढवावा.
• दम लवकर वाढतो, कंडरा व हाडे उशिरा बळकट होतात. या अंतरामुळेच इजा होतात.
• शर्यतीच्या आरंभी वेग आवरणाऱ्याला उत्तरार्ध सोपा जातो.
• वय, पोशाख किंवा लोकांचे शेरे यांमुळे सुरुवात करण्याचे थांबू नये. मात्र सुरुवातीला तयारीची जोड असावी.

पाठान्त प्रश्न

१. ‘नवख्याला खरा धोका याच वेळी असतो,’ या विधानाचे स्पष्टीकरण आठ ते दहा ओळींत लिहा.
२. हाडाच्या बदलासाठी भिंतीची उपमा का योजली आहे, ते सांगा.
३. लता करे आणि फौजा सिंग यांच्या पहिल्या शर्यतींमधील साम्य व फरक स्पष्ट करा.
४. उशिरा सुरुवात केलेल्या एखाद्या कामाचा तुमचा किंवा परिचितांपैकी कोणाचा अनुभव पंधरा ओळींत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

(अ) १. वाक्यात २. कंडरा ३. मॅरेथॉन
(आ) १. चूक २. चूक ३. बरोबर